चौकशीत लागलेला सिनेमा

आमचा सिनेमा वाईट होता, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे 'पण कल्पना चांगली होती' अशी समजूत कुणी काढायला नको. कल्पनाही चांगली नव्हती. कॉम्प्युटर हॅकिंगवरचा थरारपट होता तो. त्यात थरार नव्हता, हॅकिंग नव्हतं, आणि कॉम्प्युटर होता तो निम्मा वेळ बंद होता. दिग्दर्शन, शूटिंग, मिक्सिंग, लाईट आणि सगळ्यांचा चहा ही जबाबदारी दस्तगीरभाई मुलाणींची. संवाद माझे. सिनेमाचं नाव 'खतरनाक क्लिक'. मी सुचवलेलं नाव होतं 'हजेरीची चोरी : एक संघर्ष'. तेवढ्यावरूनच मला संवाद लिहायला देऊ नयेत हे कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं.

मी चाकण-तळवडे पट्ट्यात कामगारांच्या एका छोट्या संघटनेचं काम करते. पत्रकं लिहिते, हे खरं काम. पाठपोट एक कागद, वर 'कामगार बंधू-भगिनींनो', मध्ये मागण्या, खाली घोषणा. राग हीच शैली असते अशी माझी समजूत आहे. ती दस्तगीरभाईंना कधीच पटली नाही. ते मला नावाने हाकच मारायचे नाहीत. "ए पत्रक," म्हणायचे. समोर कोण आहे हे न बघताही म्हणायचे. एकदा कामगार आयुक्तालयाच्या जिन्यात त्यांनी मला अशी हाक मारली, तर एका साहेबांनी निमूट हात पुढे करून कागद मागितला.

तळवड्यात त्यांचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक गाळा, त्यात पडदा, एक कॉम्प्युटर आणि नवरा-नवरीला बसायची लाल खुर्ची. घराणं तिथलंच, कंपन्या यायच्या आधीपासूनचं. साऱ्या पंचक्रोशीतली लग्नं त्यांनी शूट केलेली. हिंदूंची, मुसलमानांची, बौद्धांची. कुठल्या लग्नात कुठल्या क्षणी कोण रडणार हे त्यांना आधी ठाऊक असायचं, आणि कॅमेरा तिकडे आधीच वळलेला असायचा. इतकी वर्षं कॅमेरा उजव्या खांद्यावर वागवून तो खांदा खाली उतरला होता. रिकाम्या हातांनी उभे असले तरी काहीतरी धरल्यासारखे दिसायचे. बोलताना डावा डोळा मिटायचे. सुरुवातीला मला वाटायचं, हा माणूस मला डोळा मारतोय. मी त्यावर एक पत्रक काढायच्या बेतात होते.

पहिली भेट मोर्चात. भोसरीहून पिंपरीपर्यंत आमचा मोर्चा होता आणि शूटिंगला कुणीतरी त्यांना बोलावलेलं. वरातीपुढे चालायची सवय असल्यामुळे ते सबंध रस्ता उलटे चालले. खड्डे, दुभाजक, हातगाड्या, सगळं पाठीला दिसत असल्यासारखं. पिंपरीत पोचल्यावर कॅमेरा खाली घेत त्यांनी मला विचारलं, "पोरी, ह्यातला नवरा कोन?"

मी भडकले. इथे कुणी एक पुढारी नाही, सगळे समान आहेत, असं मी त्यांना बरंच सुनावलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग अवघड हाय. सगळीच वऱ्हाडी."

त्या वर्षी आमचा लढा हजेरीच्या मशीनचा होता. कामगार जादा तास उभा राहायचा, अंगठा लावून बाहेर पडायचा, आणि महिनाअखेर ते तास मशीनमधून नाहीसे झालेले असायचे. विचारलं तर उत्तर एकच, सिस्टीम तसं दाखवते. मी यावर पत्रकांमागून पत्रकं काढली. गेटवर वाटली. लोक ती घ्यायचे, अदबीने घडी घालायचे आणि डब्याखाली अंथरायचे. एके दिवशी दस्तगीरभाईंनी चहाच्या टपरीवर माझ्या एका पत्रकातून भजी खाल्ली, तेल निथळलं की नाही हे बघायला कागद उजेडात धरला, आणि म्हणाले की हे कुणी वाचत नाही, आपण पिच्चर काढू. एक पोरगा कॉम्प्युटरमध्ये शिरतो आणि गेलेले तास परत आणतो. लोक बघतील.

मला त्यांचं म्हणणं झोंबलं आणि पटलंही. माझ्या बाबतीत हे दोन्ही एकदमच होतं.

हिरो झाला संदीप गोरे. बीड जिल्ह्यातला, चाकणच्या गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत ऑपरेटर. कायम झालेला, आणि तरीही कंत्राटी पोरांच्या बाजूने बोलणारा, म्हणून साहेबांच्या डोळ्यांवर आलेला. त्याची निवड अभिनयासाठी झाली नाही. आमच्यात दोन्ही हातांनी टायपिंग येणारा तो एकटाच होता. त्याचं लग्न नुकतंच ठरलं होतं. मुलीकडच्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, मुलगा पर्मनंट आहे का. या एका शब्दावर लग्न उभं होतं, हे संदीप स्वतःच हसत सांगायचा.

शूटिंगमध्ये मला दस्तगीरभाई कळायला लागले. ते 'कट' म्हणायचेच नाहीत. लग्नात कुणी कट म्हणत नाही. अंतरपाट धरलेला असताना मध्येच थांबवायचं कुणाला? त्यामुळे संवाद संपले तरी कॅमेरा चालूच राहायचा आणि नट आता काय करायचं म्हणून कॅमेऱ्याकडे बघत उभे राहायचे. आमच्या सिनेमातला प्रत्येक प्रसंग असा संपतो. माणसं गुन्हा करतात, आणि मग फोटो काढून घेतल्यासारखी उभी राहतात.

दुसरी सवय जास्त घातक. जिथे शूट करतील तिथल्या प्रत्येकावरून ते कॅमेरा फिरवायचे. लग्नात एखादा मामा सुटला की वर्षभर बोलणी खावी लागतात, त्याचा हा धसका. "मानूस सुटला न्हाई पायजे," असं ते पुटपुटायचे आणि कॅमेरा फिरायचा. हिरो सिक्युरिटी गार्डांपासून लपून भिंतीला चिकटलेला आहे, पार्श्वसंगीत वाढतंय, आणि कॅमेरा सावकाश सरकून दाखवतो जागेचे मालक, जे हात जोडून हसतायत. बाजूला त्यांची सून. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, जागा त्यांनी दिली, त्यांना कसं गाळायचं?

सर्व्हर रूम आम्हाला मिळणं शक्यच नव्हतं. दस्तगीरभाईंनी पुतण्याचा डीजे टेम्पोसकट आणवला. अंधारात त्या ॲम्प्लिफायरच्या ढिगाचे हिरवे-लाल दिवे लागले तेव्हा, मान्य करते, क्षणभर मलाही ती सर्व्हर रूम वाटली. पण माईक चालू राहिला होता. संदीप बोलायला लागला की दिवे वर चढायचे, गप्प झाला की खाली. आणि संदीप जे बोलत होता ते मी लिहिलेलं होतं, त्यामुळे दिवे बराच वेळ वरच राहिले. 'ही केवळ संगणकाची भिंत नाही, ही भांडवलाने श्रमाभोवती उभारलेली भिंत आहे, आणि म्हणून आपली पहिली मागणी अशी की...' असं तो हॅकिंग करता करता म्हणतो. हिरॉईनलासुद्धा तो प्रेमाची कबुली मुद्देसूद देतो. मला तेव्हा ते फार धारदार वाटलं होतं.

खरी अडचण गेटच्या प्रसंगाची होती. हिरो हजेरीच्या मशीनमध्ये चिप बसवतो, हा सिनेमाचा कणा. कंपनी गेटवर शूटिंग करू देणार नव्हती. दस्तगीरभाई म्हणाले, कशाला पाहिजे, माझ्याकडे आहे. संदीपच्याच कंपनीने दसऱ्याच्या यंत्रपूजेचं शूटिंग त्यांना दिलेलं होतं. त्यात गेटवरचं हजेरीचं मशीन होतं, आणि पूजेला आलेला संदीपही होता. मशीनवर आपट्याचं पान ठेवून तो नमस्कार करतो, असा तो तुकडा. सिनेमात तीच चिप झाली. फक्त मशीनला झेंडूचा भलामोठा हार होता आणि अंगठा लावायच्या काचेच्या वर हळदीकुंकू.

"दस्तगीरभाई, मशीनला हार आहे," मी म्हटलं.

"मंग? दसऱ्याला कोन घालत न्हाई?"

त्या पानावर मी एक संवाद चढवला. 'ही चिप नव्हे, हा लाखो अंगठ्यांचा उठाव आहे.' हळदीकुंकवाचं काहीच जमवता आलं नाही.

मिक्सिंग, म्हणजे तुकड्यांची जोडणी, त्यांनी लग्नाच्याच सॉफ्टवेअरवर केलं. हिरोने पासवर्ड फोडला की पडद्यावर हृदय उमटतं आणि त्या हृदयातून पुढचा प्रसंग उघडतो. कंपनीची सिस्टीम कोसळते तेव्हा वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतात. सुरुवातीला त्यांनी मोठ्या सोनेरी अक्षरांत 'सत्य घटनेवर आधारित' असं टाकलं. थरारपटाला ते लागतंच, असं त्यांचं मत. पत्रकातला एकेक शब्द तीनतीनदा तपासणारी मी, मी म्हटलं, वा. जादा तास खाल्ले जातात हे सत्यच आहे ना?

पहिला खेळ तळवड्याच्या मंगल कार्यालयात झाला. सकाळचं लग्न उरकलेलं, संध्याकाळचं यायचं होतं, मधला वेळ मालकाने दिला. कामगार आले, बायकापोरं आली. सुरुवातीला लोकांनी बघितलं. मग हारवालं मशीन आलं आणि मागून कुणीतरी "गणपती बाप्पा" म्हणालं. त्यानंतर काहीच सावरलं नाही. प्रेमाच्या कबुलीला तर टाळ्या पडल्या, पण तसल्या. लोक उठायला लागले. मी दारात उभी राहून त्यांना अडवलं आणि हा सिनेमा कुणाच्या हक्कांसाठी आहे यावर भाषण केलं. त्यामुळे जे थोडे द्विधा मनात होते तेही गेले.

दस्तगीरभाई प्रोजेक्टरपाशी उभे होते. रिकाम्या खुर्च्यांकडे बघून म्हणाले, "जेवनावळ न्हाई ठेवली म्हनून. लग्नात बी जेवनं झाली की कोन थांबत न्हाई, हितं तर जेवनच न्हाई."

पण त्यांना लागलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्टुडिओत बोलावलं, लाल खुर्चीवर बसवलं, सिनेमा लावला आणि म्हणाले, सांग, कुठं वाईट आहे. मी बोथट बोलणं कधी शिकलेच नाही. सांगत गेले. हार, डीजेचे दिवे, हात जोडलेले मालक, पाकळ्या, हृदय. प्रत्येकाला त्यांचं उत्तर एकच होतं, ते तसंच पाहिजे होतं. शेवटी म्हणाले, पिच्चर चांगला आहे, लोकं घाईत आहेत. त्यानंतर कित्येक दिवस तळवडे चौकात कुणी सिनेमाचं नाव काढलं की ते हातातलं काम टाकून समजावत बसायचे. सगळा अभ्यास करून केलंय, अस्सल आहे, तुमची नजर तयार नाही.

हे सगळं हसण्यावारी राहिलं असतं. पण सिनेमा मोबाईलवरून फिरत फिरत कंपनीत पोचला, आणि त्याच सुमारास गेटवरचं हजेरीचं मशीन बंद पडलं. ते नेहमीच पडायचं. धूळ, उंदीर, काहीही कारण. या वेळी कारण सापडलं. संदीपच्या हातात चार्जशीट आली. कंपनीची हजेरी यंत्रणा हॅक केली, आणि ते कृत्य चित्रित करून बदनामी केली. त्याला निलंबित केलं आणि कंपनीतच चौकशी लावली. अशी चौकशी म्हणजे एक बाहेरचा वकील अधिकारी म्हणून बसतो, दोन्ही बाजू साक्षीदार आणतात, टायपिस्ट सगळं उतरवून घेतो आणि पानोपानी सह्या होतात. त्या कागदांवर माणूस आत राहतो किंवा बाहेर जातो. संदीपने बीडला काही कळवलं नव्हतं. पण रोज तिकडून फोन यायचा आणि तो 'शिफ्ट आहे, नंतर बोलतो' म्हणायचा.

बचाव प्रतिनिधी म्हणून त्याने माझं नाव दिलं. मी बाहेरची असूनही कंपनीने लगेच मान्य केलं, याचा मला अभिमान वाटला होता. नंतर कळलं, त्यांनी माझी पत्रकं वाचलेली होती.

चौकशी अधिकारी पुण्याचे एक वयस्कर वकील होते, सौम्य बोलणारे. कंपनीच्या बाजूने एचआरचे पाटकर. तरुण, हुशार, आवाज कधी न चढवणारे. वकीलसाहेबांनी ठरवलं की पुरावा म्हणून सिनेमा दाखल झालाय तर तो पूर्ण बघितला जाईल. ट्रेनिंग हॉलमध्ये पडदा लागला. आमच्या सिनेमाचा तो दुसरा खेळ, आणि मध्येच उठून जायची कुणाला परवानगी नव्हती. टायपिस्ट लिहून घेत होता. 'पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडताना दिसतात.' 'एक इसम हात जोडून उभा आहे, त्याचा कथानकाशी संबंध स्पष्ट होत नाही.' ज्या संवादांवर कंपनीचा आक्षेप होता ते पाटकरांनी सपाट आवाजात वाचून दाखवले. 'ही चिप नव्हे, हा लाखो अंगठ्यांचा उठाव आहे.' वकीलसाहेबांनी चष्मा काढून विचारलं, "हे कोणी लिहिलंय?" मी हात वर केला. तेव्हापासून सबंध चौकशीत ते माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं बोलत राहिले. मी उलटतपासणीत जरा रंगात आले की हळूच म्हणायचे, "ताई, प्रश्न विचारा. भाषण नको."

हार आणि पान ही दसऱ्याची, शूटिंग कंपनीनेच दिलेलं, हे मी मांडलं. पाटकर म्हणाले, शूटिंग आम्ही दिलं. मशीनवर काय ठेवायचं हे आम्ही सांगितलं नव्हतं. आणि सिनेमाच म्हणतो, सत्य घटनेवर आधारित. शिवाय दिग्दर्शक गावभर सांगत फिरतायत की सगळं अस्सल आहे. मग त्यांना हे शिकवलं कोणी?

आता सगळं दस्तगीरभाईंच्या साक्षीवर आलं. आदल्या दिवशी दुपारी मी आणि संदीप स्टुडिओत गेलो. मी त्यांना सांगितलं, फक्त एवढं म्हणा, यातलं काहीही खरं नाही, मला कॉम्प्युटरचं काही कळत नाही, सिनेमा फसलाय.

ते लेन्स पुसत होते. "फसलाय म्हनू? मंग केला कशापायी?"

मी चिडले. एका माणसाच्या नोकरीचा प्रश्न आहे आणि तुम्हाला सिनेमाचं पडलंय, असं बरंच काही बोलले. त्यांनी लेन्स पुसणं थांबवलं नाही. संदीप एवढंच म्हणाला, "भाई, तुम्हाला वाटंल ते सांगा. मी तुम्हाला काय बोलणार नाही." आणि माझ्या आधी बाहेर पडला. त्याच्या फोनवर बीडचा नंबर वाजत होता.

साक्षीला दस्तगीरभाई इस्त्रीचा शर्ट घालून आले. माझ्या प्रश्नांना त्यांनी हो-नाही अशी तुटक उत्तरं दिली, कुठेच सापडले नाहीत. सिनेमा खरा की खोटा, या प्रश्नाला म्हणाले, पिच्चर हाय तो. मग पाटकर उठले.

"मुलाणीसाहेब," ते म्हणाले. साहेब म्हणून त्यांना कुणी हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकत होते. "चौकशी बाजूला ठेवून सांगतो. मी तुमचा सिनेमा पुन्हा पुन्हा पाहिला. गेटचा प्रसंग बघताना अंगावर काटा येतो. इतकं अस्सल काम अभ्यासाशिवाय होत नाही. बरोबर ना?"

दस्तगीरभाईंचा डावा डोळा मिटला. उतरलेला खांदा सरळ झाला. त्या चेहऱ्याकडे बघून मी मनातल्या मनात संदीपचं लग्न मोडलेलं धरलं.

"तुमाला आवडला?" त्यांनी विचारलं.

"फार."

"कोनता सीन?"

वकीलसाहेब म्हणाले, साक्षीदाराने प्रश्न विचारायचे नसतात. पण पाटकरांनी हाताने असू दे म्हटलं. "गेटचा. सर्व्हर रूमचा तर फारच. हे सगळं बारकाव्याने तुम्हाला संदीप गोरेंनी समजावलं असणार."

दस्तगीरभाईंनी संदीपकडे पाहिलं. तो टेबलाकडे बघत होता. मग ते पुन्हा पाटकरांकडे वळले आणि फार अदबीने बोलले.

"साहेब, तुमी मानूस चांगलं हायसा. पर तुमाला पिच्चरमधलं कळत न्हाई."

टायपिस्टची बोटं थांबली. वकीलसाहेब म्हणाले, लिहा.

"पडलाय तो. लोकं मधनंच उठून गेली, ही पत्रक बसलीया, हिला इचारा. सर्व्हर म्हंजी माज्या पुतण्याचा डीजे हाय. मानूस बोलला की लाईट वर जात्यात, सर्व्हर असं करतो व्हय? चोरी करताना कोन मालकाला हात जोडून उभा करतो का? हार घातलेलं मशीन हाय, पान दसऱ्याचं हाय. पाकळ्या, बदाम, समदं लग्नाचं. मला दुसरं येतच न्हाई. सत्य घटना लिवलं ते मी माज्या मनानं लिवलं, बाकीची लिवत्यात म्हनून. ह्या पोराला नुसतं टायपिंग येतं. माजा हात लग्नाचा, पिच्चर काढाया गेलो आन् पडलो."

लाल खुर्चीवर बसून मी दाखवलेली एकेक चूक त्यात होती. तेव्हा त्यांनी एकही मान्य केली नव्हती.

मी सवयीने उभी राहिले आणि म्हणाले, "माझी हरकत आहे."

"कशाला?" वकीलसाहेबांनी विचारलं. "साक्षीदार तुमचाच आहे."

मी बसले. सह्यांसाठी पानं आली तेव्हा दस्तगीरभाईंनी ती ओळीवर बोट ठेवून वाचली. एका जागी बोट थांबलं. टायपिस्टने घाईत 'सदर चित्रपट टाकाऊ असल्याचे साक्षीदार कबूल करतो' असं घातलं होतं.

"टाकाऊ म्हनलो न्हाई मी," ते म्हणाले. "पडलाय म्हनलो."

पाटकर म्हणाले, अर्थ तोच आहे. दस्तगीरभाईंनी पेन खाली ठेवलं. वकीलसाहेबांनी स्वतःच्या हाताने शब्द खोडला, वर 'पडला' असं लिहिलं, बाजूला सही केली. मग दस्तगीरभाईंनी सही केली, पानोपानी, वळणदार.

हॅकिंगचा आरोप सिद्ध झाला नाही. त्या सोनेरी अक्षरांबद्दल संदीपला शेवटची ताकीद मिळाली, आणि वरून पाटकरांनी सांगितलं की नवीन काही कळलं तर हा विषय पुन्हा निघू शकतो. तो कामावर गेला. बीडला लग्न झालं. मी अर्थातच विजयाचं पत्रक काढलं. त्यात दस्तगीरभाईंना 'जनतेचा थोर कलावंत' म्हटलं होतं. ते ऑफिसात आले, गठ्ठा पुढ्यात ओढला आणि काळ्या पेनाने प्रत्येक कागदावरची ती ओळ खोडत बसले. मी अडवायला गेले तर म्हणाले, "तू मला थोर केलंस की त्यो पाटकर म्हनंल, बगा, मानूस हुशार हाय. मंग परत इचारंल, ह्याला शिकवलं कुनी. ऱ्हाऊ दे."

तेव्हापासून त्यांनी बाजूच बदलली. चौकात कुणी सिनेमाचं नाव काढलं की दुसऱ्याने काही बोलायच्या आत तेच शिव्या घालायचे. इतका रटाळ पिच्चर आख्ख्या पिंपरी-चिंचवडात झाला नाही म्हणायचे. समोरचा म्हणालाच की नाही हो, काही काही बरं होतं, तर त्याच्यावर चिडायचे. जुनी गिऱ्हाइकं कोड्यात पडली. काहींना वाटलं, म्हातारपण आलं.

ते आलंही होतं. लग्नांमध्ये ड्रोनवाली पोरं आली होती. दस्तगीरभाईंनी गाळा दुसऱ्याला देऊन टाकला आणि मुलीकडे जुन्नरला जायचं ठरवलं. जायच्या आठवड्यात मला ते शेवटचे भेटले, तळवड्याच्या आयटी पार्कबाहेरच्या टपरीवर. आम्ही चहा घेत होतो. शेजारी गळ्यात ओळखपत्रं घातलेल्या दोन मुली कॅबची वाट बघत उभ्या होत्या. त्यातली एक त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "काका, तुम्ही 'खतरनाक क्लिक'वाले ना? आमच्या फ्लॅटवर आम्ही सगळ्या मिळून बघतो तो. भारी आहे."

चेष्टा होती की खरं, मला चेहऱ्यावरून कळलं नाही. आयटीवाल्यांचं मला कधीच कळत नाही. मी त्यांच्यासाठी काढलेली पत्रकंही त्यांनी फार गोड हसून परत केली होती.

दस्तगीरभाईंनी आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. कुणी कंपनीचं नाही याची खात्री केली असावी.

"बंडल हाय त्यो," ते म्हणाले. "नका बगू."

मुली हसल्या. कॅब आली. त्या दार उघडून बसायला लागल्या तसे ते दोन पावलं पुढे गेले, खिडकीशी वाकले, आणि मला ऐकू येऊ नये इतक्या हळू, पण मला ऐकू आलं, त्यांनी विचारलं, "शेवटपत्तूर बगता?"

"हो काका, पूर्ण."

"मधी कोन उठत न्हाई?"

"नाही."

कॅब निघून गेली. ते परत आले, गार झालेला चहा उभ्यानेच संपवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तरी बी बंडलच हाय."